लक्ष्मीच्या पायाशी साबण

मराठी घरात जुनं कॅलेंडर सहजासहजी टाकून देता येत नाही. तारखा संपलेल्या असतात, पण वर लक्ष्मी बसलेली असते. तारखा रद्दीत जातील, लक्ष्मी कशी जाईल? मग वर्षाअखेरीस कात्री निघते. आधी बारा महिन्यांचा गठ्ठा कापायचा, मग दुकानाच्या नावाची पट्टी, मग ‘आमची कुठेही शाखा नाही’ ही ओळ. उरलेल्या लक्ष्मीला काच आणि चौकट मिळते. कालपर्यंत ती कुणाचा तरी माल खपवत होती, आज तिला उदबत्ती ओवाळतात. कात्री चालवणाऱ्या बाईंना कारण विचारा, त्या म्हणतील, “चित्र चांगलं होतं, ठेवलं.”

कधीकधी मालाचं नाव चित्राच्या आतच छापलेलं असतं आणि तिथं कात्रीचा इलाज चालत नाही. चिंचवडगावातल्या आमच्या एका नातलगांच्या देवघरात लक्ष्मीच्या पायाशी, कमळाच्या पाकळीला चिकटून, एका साबणाचं नाव आहे. तो साबण बाजारातून कधीच गेला. पूजा चालू आहे. घरात तीन पिढ्या त्या चित्रासमोर हात जोडत आल्या, पण ते नाव कुणी वाचल्याचं आठवत नाही. मी ते वाचून दाखवलं तर काकू म्हणाल्या, “अगंबाई, हे कधी आलं?”

या प्रकाराचं मूळ आमच्यापासून फार लांब नाही. पिंपरीहून लोणावळ्याची लोकल पकडली की लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन मळवली. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षांतच या मळवलीला आला. पुढं तो फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. सिनेमाच्या नादी लागण्याआधी दादासाहेब फाळके याच छापखान्यात कामाला होते आणि फोटोवरून शिळाछापाचे ठसे बनवायची विद्या त्यांना अवगत होती. रविवर्म्याच्या देवदेवता आधी बाजारात सुट्या विकल्या गेल्या. मग बाळांचं अन्न, साबण, असल्या मालाच्या कंपन्यांनी त्या कॅलेंडरवर बसवल्या. 1972 मध्ये छापखान्याला आग लागली आणि दुकान आटोपलं. आज तीच चित्रं संग्रहालयात काचेमागे आहेत, आणि गंमत अशी की संग्राहक मंडळींना साबणाच्या नावासकट असलेली प्रत सापडली तर ते जास्त खूश होतात. कात्री चालवणाऱ्या बाईंना नको असलेली पट्टीच त्यांना हवी असते.

कात्रीचा हाच उद्योग अमेरिकेत एका गृहस्थांनी केला आणि त्यांना मोठा कलावंत मानतात. रिचर्ड प्रिन्स त्यांचं नाव. 1980 च्या दशकात त्यांनी मासिकांत छापून येणाऱ्या मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातींचेच फोटो काढले. घोड्यावर स्वार झालेला तो टोपीवाला गुराखी ठेवला, सिगारेटचं नाव आणि मजकूर वगळला, फोटो मोठा केला आणि भिंतीवर लावला. त्यातला एक 2005 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात 12 लाख 48 हजार डॉलरला गेला. लिलावात दहा लाख डॉलरची रेघ ओलांडणारा तो पहिला फोटो. मूळ जाहिरातींसाठी उन्हातान्हात घोड्यांमागं फिरलेले छायाचित्रकार वेगळेच होते. त्यातले सॅम अबेल यांनी आपली नाराजी लपवून ठेवली नाही. ठेवतील कशाला?

आमच्याकडच्या बायका हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या, त्यांना लिलाव करणारा भेटला नाही एवढंच. फरक आहे, नाही असं नाही. प्रिन्सनं मजकूर काढला तो बघणाऱ्याला ओशाळं करायला: बघा, तुम्ही कशाला भुलत होता. कॅलेंडर कापणाऱ्या बाईंनी मजकूर काढला तो नमस्कार करता यावा म्हणून. पण दोघांच्याही कात्रीखालून गेल्यावर चित्रातून एक माणूस निघून गेला, तो म्हणजे गिऱ्हाईक.

संग्रहालय तर कागदाला कात्रीही लावत नाही. पांढरी भिंत, वरून पडणारा दिवा, शेजारी पोस्टकार्डाएवढी पाटी आणि कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला, पेंगणारा राखणदार. एवढ्या साहित्यात काम होतं. रस्त्यावरची जाहिरात बघायला आपण थांबत नाही. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर कुणी होर्डिंग वाचायला गाडी उभी केली तर मागचे जे बोलतील ते छापता येणार नाही. जाहिरातवाल्यालाही ते ठाऊक असतं. एका नजरेत जे पोचेल ते पोचवायचं, बाकीची जागा नुसती भरायची. संग्रहालयात आपल्याकडं वेळच वेळ असतो आणि काहीच घ्यायचं नसतं. खरेदीचं काम सुटलेला डोळा मग कोपऱ्यांत हिंडायला लागतो. जाहिरातीतल्या स्कूटरवर बसलेल्या बाईकडं बघायचं सोडून तिच्या मागची कंपाउंडची भिंत बघतो, भिंतीवरचा ‘येथे पोस्टर लावू नये’ हा मजकूर बघतो आणि त्यावर लावलेलं पोस्टर बघतो.

मोटारी बनवणाऱ्या गावांना हा विषय जरा जवळचा आहे. 1927 मध्ये फोर्ड कंपनीला नवी मॉडेल ए मोटार बाजारात आणायची होती. कंपनीच्या जाहिरातीचं काम बघणाऱ्या एन. डब्ल्यू. एयर या संस्थेनं चार्ल्स शीलर नावाच्या चित्रकार-छायाचित्रकाराला डेट्रॉइटजवळच्या रिव्हर रूज कारखान्यात पाठवलं. कारखाना म्हणजे एक गावच. शीलर तिथं सहा आठवडे राहिला आणि मोजके फोटो काढून परतला. एकमेकांना छेदून जाणारे कन्व्हेयर, त्यांच्या मागं उंच धुराडी, असा त्यातला एक फोटो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो फोटो मोटार खपवायला काढला होता हे न सांगता दाखवला तर एखाद्या चर्चचं शिखर वाटावं. आणि त्या फोटोंत माणसं जवळजवळ नाहीत. शिफ्ट सुटल्यावर हजारोंनी बाहेर पडणारी माणसं शीलरच्या भिंगाला दिसली नाहीत, की दिसू नयेत असंच काम होतं, कोण जाणे.

आमच्या इथं हे काम मुंबईच्या मित्तर बेदींनी केलं. 1926 मध्ये लाहोरला जन्म, सुरुवात सिनेमाच्या प्रसिद्धीच्या फोटोंपासून, आणि 1959 च्या सुमाराला कारखान्यांकडं वळले ते 1985 मध्ये जाईपर्यंत तिथंच रमले. तेलशुद्धीकरणाचे नळ, पोलादाच्या भट्ट्या, खतांच्या टाक्या. स्वतंत्र देश धुराडी उभारत होता आणि बेदी त्यांना सिनेतारकांसारखा प्रकाश देत होते. काम कंपन्यांचं होतं: वार्षिक अहवाल, माहितीपुस्तिका, जाहिराती. आता ते फोटो कलादालनांत लागतात आणि अभ्यासक त्यावर निबंध लिहितात. शेजारच्या पाटीवर छायाचित्रकाराचं नाव, साल, कागदाचा प्रकार आणि सेंटिमीटरमध्ये लांबी-रुंदी असते. बिल किती झालं होतं आणि फोटोतल्या माणसाला घरी काय म्हणायचे, हे मात्र नसतं.

पाटीवर काय नसतं हे मला कळलं ते आमच्या शेजारच्या काकांमुळं. काका टूलरूममधून निवृत्त झालेले. सगळी हयात मायक्रॉनमध्ये गेली, त्यामुळं भाजीवालीकडं वांगंसुद्धा उजेडात धरून बघतात. त्यांना मी एकदा पुण्यात कारखान्यांच्या जुन्या फोटोंच्या प्रदर्शनाला नेलं. एका मोठ्या कृष्णधवल फोटोसमोर बरीच गर्दी होती. लेथवर वाकलेला कामगार, गालावर तिरपा उजेड, टूलपासून निघालेली चिपची लांब वळी. पाटीवर श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल काहीतरी गंभीर लिहिलं होतं. लोक हळू आवाजात बोलत होते. काका बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ह्यानं गॉगल घातलेला नाही.”

मी म्हटलं, “काका, जुना काळ.”

“बरं. पण जॉबही फिरत नाहीये. फिरत असता तर हात तिथं ठेवला नसता त्यानं. मशीन बंद आहे.” थोडं जवळ जाऊन त्यांनी पुढचा निकाल दिला. “आणि हा ऑपरेटर नाही. कपड्याची घडी बघ. बॉक्समधून काढून घातलेत. ऑपरेटरच्या डाव्या खिशाला तेल असतं, तिथं वेस्ट कोंबलेलं असतं.”

मग बाहेर चहा घेताना त्यांनी सांगितलं. त्यांच्या कंपनीत फोटोग्राफर येणार म्हणून आदल्या दिवशी शॉप धुतलं होतं. मशीनला रंग मारला होता. फोटोसाठी दुसऱ्या डिपार्टमेंटचा एक उंच, गोरा, दाट केसांचा ट्रेनी बोलावला होता. “मशीन माझं. पण माझं टक्कल चमकत होतं म्हणे. मी कॅमेऱ्याच्या मागं उभा होतो, ते पोरगं कशालातरी हात लावेल म्हणून.” तो फोटो पुढं कंपनीच्या माहितीपुस्तिकेत आला, मोठ्या कॅलेंडरवर आला आणि काकांच्याच घरात वर्षभर टांगला गेला. काकूंकडं आलेल्या बायका विचारायच्या, “हे का तुमचे मिस्टर?” काकू म्हणायच्या, “नाही, हे मशीन आमच्या मिस्टरांचं.”

प्रदर्शनातला तो फोटो दाखवून कुठलीतरी कंपनी म्हणत होती, आमचा माल अचूक. पाटी म्हणत होती, श्रम थोर. काका म्हणत होते, मशीन बंद. मला यातलं तिसरं वाचन सगळ्यांत भारी वाटलं. पण हेही कबूल केलं पाहिजे की ते संग्रहालयाच्या शांततेतच शक्य झालं. शोरूममध्ये तोच फोटो इतका वेळ न्याहाळत काका उभे राहिले असते, तर सेल्समन येऊन म्हणाला असता, “सर, ईएमआयची स्कीम आहे.”

आकुर्डीच्या माणसाला फोटोचा अर्थ कसा उलटतो हे शिकवायला बजाजची चेतकच पुरे. स्कूटर 1972 ची, नाव राणा प्रतापाच्या घोड्याचं. त्यानंतरची कित्येक वर्षं तिची जाहिरात हा जगातला एक अजब प्रकार होता, कारण माल शिल्लकच नव्हता. बुकिंग करून लोक दहा-दहा वर्षं नंबराची वाट बघत. घाई असणारे ‘ऑन’ देऊन दुसऱ्याची घेत, नाहीतर परदेशातल्या मेव्हण्याला डॉलर पाठवायला सांगत. लग्नाच्या याद्यांत स्कूटरपेक्षा स्कूटरचं बुकिंग मोलाचं होतं. अशा काळात जाहिरातीतलं ते हसरं कुटुंब, पुढं उभा मुलगा, मागं एका बाजूला पाय सोडून बसलेली पत्नी, नेमकं काय विकत होतं? माझ्या मते धीर. मिळेल, तुम्हालाही मिळेल. पुढं शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, नंबर संपले आणि खरंच विकायची वेळ आली. 1989 ला ‘हमारा बजाज’ ही लिंटास या जाहिरातसंस्थेची दूरदर्शनवरची जाहिरात आली, तेव्हा तिनं स्कूटर बाजूला ठेवून देशच पुढं केला. आणि 2009 च्या अखेरीस कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवणार असल्याचं जाहीर केलं.

या स्कूटरचं आजोळ इटलीत आहे. पिआज्जो कंपनीबरोबरच्या कराराखाली इथं आधी व्हेस्पा बनत होती. त्या कंपनीनं पोंतेदेरा गावात, आपल्या कारखान्याच्या आवारातच, 2000 मध्ये संग्रहालय उघडलं. तिथं जुन्या व्हेस्पा आहेत आणि व्हेस्पाच्या जाहिरातींचा साठाही नीट जपलेला आहे. आमच्याकडं चेतकची काळजी कुणी घेतली म्हणाल, तर मिसळवाल्यांनी. पिंपरी-चिंचवडमध्ये अलीकडं ‘जुन्या आठवणी’ छापाची हॉटेलं निघाली आहेत. दारात पोपटी रंग दिलेली चेतक, भिंतीवर तंबाखू आणि सायकलींच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या, कंदील, ट्रान्झिस्टर. पाट्यांवर गंज असतो, पण बऱ्याचदा तो रंगारी मारून देतो. लोक चेतकवर बसून फोटो काढतात. बसणारा विशीतला असतो, त्यानं किक कधी मारलेली नसते आणि स्कूटर आडवी करून पुन्हा उभी करायची कला त्याच्या बापाबरोबर जाणार आहे. पण चेहऱ्यावर आठवण दाटून आलेली असते. तोवर एक्स्ट्रा पाव येतो.

मला हे संग्रहालय आणि दुकान यांच्या मधलं ठिकाण फार उद्‌बोधक वाटतं. माल खपवून निवृत्त झालेली जाहिरात इथं पुन्हा कंत्राटी पद्धतीनं कामावर लागली आहे, यावेळी मिसळ खपवायला. आणि खुद्द बजाज कंपनीलाही हे कळलेलं आहे. 2019 मध्ये तिनं विजेवर चालणारी नवी स्कूटर दाखवली तेव्हा नाव पुन्हा चेतकच ठेवलं. जुन्या फोटोंवर साठलेली माया व्याजासकट वसूल झाली. यात मला काही गैर दिसत नाही. माया होती म्हणून वसूल करता आली.

उद्या आमच्या पट्ट्यातल्या आजच्या फोटोंचं कुणी संग्रहालय केलं तर काय होईल, याचा विचार करताना मात्र मला हसू आवरत नाही. चाकणमधल्या कारखान्यांत कायझेनचे, म्हणजे छोट्या छोट्या सुधारणांचे, बोर्ड असतात. दोन फोटो शेजारी शेजारी, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधी: जमिनीवर सांडलेलं तेल, वाकडी ट्रॉली. नंतर: पिवळा पट्टा, सरळ ट्रॉली. खाली वाचलेले सेकंद आणि सुचवणाऱ्याचं नाव. हे दोन फोटो पांढऱ्या भिंतीवर लावा, टीकाकार शिस्त आणि अवकाश यांवर चार पानं लिहील. काका विचारतील, तेल गळत कुठून होतं ते सापडलं का?

मोशी, चिखलीच्या नव्या इमारतींच्या होर्डिंगांवर गवतात लोळणारं सोनेरी केसांचं परदेशी कुटुंब असतं. शंभर वर्षांनी एखादा संशोधक निष्कर्ष काढेल की एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंद्रायणीकाठी उत्तर युरोपातून मोठं स्थलांतर झालं, आणि त्यांना पाण्याचे टँकर फार लागत. आणि वाढदिवसाचे फ्लेक्स! मधोमध भाऊ, डोळ्यांवर गॉगल, कानाला मोबाइल. खाली शुभेच्छुकांची पासपोर्ट आकाराची डोकी, ओळीनं. महापालिकेची गाडी आज हे काढून नेते, पण एखादा फ्लेक्स काचेमागं गेला तर प्रेक्षक भाऊंकडं बघणारच नाहीत. ते तळाच्या डोक्यांकडं बघतील, कारण प्रत्येक डोकं कुणाच्या तरी आजोबांचं असेल. हे झालं म्हणजे तो फ्लेक्स जाहिरात राहिला नाही असं खुशाल समजावं.

माझं म्हणणं असं की संग्रहालयानं कॅलेंडर कापणाऱ्या बाईंची कात्री उचलू नये. नमस्कार करायचा तर पट्टी कापा. समजून घ्यायचं तर पट्टी राहू द्या. डीलरचा रबरी शिक्का, कोपऱ्याला पडलेलं खिळ्याचं भोक, तारखेच्या चौकोनात पेन्सिलनं लिहिलेलं ‘दूध नाही’, ‘सेकंड शिफ्ट’, ‘बोनस’, हे सगळं भिंतीवर लागलं पाहिजे. फोटो शोरूमसाठी काढला होता, अमक्या कामासाठी काढला होता, तेव्हा किंमत इतकी होती, एवढं पाटीवर लिहिलं तर कलेचं काही बिघडत नाही. शीलरच्या फोटोला फोर्डचं नाव जोडल्यानं कन्व्हेयर वाकडे झाले नाहीत. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती कारखान्याचं मुखपत्र म्हणून. नांगराच्या कारखान्यातून निघालेलं ते मासिक मराठी घराघरांत वाचलं गेलं, आणि त्याचं मूळ नांगरात आहे म्हणून कुणी ते कमी मोलाचं मानलं नाही.

पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क आहे, ऑटो क्लस्टरच्या सभागृहात प्रदर्शनं भरतात. मोठ्या उद्योगसमूहांची आपापली दफ्तरं असतात, टाटांचं तर पुण्यातच आहे. डीलरनं वाटलेलं कॅलेंडर, व्हेंडरनं दिवाळीला दिलेली डायरी, कंपनीच्या अंकातलं कँटीनच्या उद्घाटनाचं पान, हे मात्र कुणाच्याच दफ्तरात नाही. ते तुमच्या माळ्यावर आहे. टेल्कोत, बजाजला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, नाहीतर भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये ज्यांची हयात गेली त्यांच्या घरी ते हमखास असतं, जुन्या पिंपात, लग्नाच्या पत्रिकांखाली. ते रद्दीत घालू नका. फोटोत कोण आहे, मशीन कुणाचं होतं आणि कॅमेऱ्याच्या मागं कोण उभं होतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा आणि फोटोच्या मागं लिहून ठेवा. बॉलपेननं लिहू नका, दाबाचे वळ पुढच्या बाजूनं उमटतात. मऊ पेन्सिल घ्या.